तिसरा पंखा

टेबलावर मी मोटार, पंखा आणि तारांचा पसारा मांडला, की बायको पंख्याचं पातं बोटाने अडवायची. "अहो, हे फिरायचं तेव्हा फिरेल. आधी जेवून घ्या."

ती वारल्यावर मी सर्किटला पंखे लावलेल्या आणखी दोन मोटारी जोडल्या, बॅटऱ्या वाढवल्या. दोन पंखे भिरभिरले. तिच्या खुर्चीसमोरचा तिसरा मात्र ढिम्म हलेना. मोटार बदलली. नवीही तापली, पातं कुणी धरून ठेवलं की तापते, तशी.

अजून एक बॅटरी जोडली. पातं नुसतं थरथरलं.

शेवटी मी ते बोटाने ढकललं. पलीकडून हळूच उलटा रेटा आला.

मोकळ्या हाताने मी सगळ्या बॅटऱ्या काढल्या. दोन्ही पंखे थांबले. रेटा थांबला नाही.

मीही बोट काढलं नाही.