सासूची बिडाची कढई

तिसऱ्या दिवशी कढईचा गंज सुटू लागला. माळ्यावरून काढली तेव्हा ती कढई आहे की मातीचं ढेकूळ, हेच कळत नव्हतं. सासू गेल्यावर तिची ही बिडाची कढई माळ्यावर गेली आणि खाली नवऱ्याचा टोमणा राहिला. आईच्या हातची चव तुझ्या सात पिढ्यांना यायची नाही, असं तो बावीस वर्षं म्हणत आला होता. कधी ताट भिंतीवर जायचं. मग ती भिंत पुसायची.

तिने वाळूने कढई घासली, धुऊन लगेच गॅसवर कोरडी केली, तेलाचा पातळ हात फिरवला आणि धूर निघेपर्यंत तापवली. असं सहा वेळा. नखांची पार वाट लागली.

नवऱ्यासाठी एवढी हाडं कोण झिजवतं, असं शेजारीण कौतुकाने म्हणाली. त्यांचे रक्ताचे रिपोर्ट कालपरवाच आणले, जरा अशक्तपणा आहे, असं तिने सांगितलं. लोखंडातलं जेवण अंगी लागतं म्हणतात.

पहिल्या दिवशी तो दोनदा वाढून घेऊन जेवला. ताट जागेवर राहिलं. मग सगळंच त्या कढईत होऊ लागलं. त्याला आंबट फार आवडायचं. आंबटाने तेलाचा थर उतरतो आणि लोखंड उघडं पडतं, असं भांडीवाल्याने बजावलं होतं. त्याच्या आवडीपुढे तिने ते मनावर घेतलं नाही. दर रविवारी कढई पुन्हा घासायची, पुन्हा तेल पाजायची.

वर्षभरात तो खंगला. कातडी काळवंडली, सांधे धरले, दोन पायऱ्यांत धाप लागू लागली. ती त्याला घास भरवू लागली. एकदा त्याने तिचा हात धरला.

"मी तुला फार छळलं."

"जेवून घ्या. गार होतंय."

मग त्याची बहीण आली. भावाची दशा बघून ती हादरली आणि दोघांना घेऊन तडक दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी नवे रिपोर्ट जुन्या फाइलशेजारी ठेवले. मग चष्मा काढून त्यांनी त्याच्या बायकोकडे पाहिलं.

"यांच्या अंगात लोह साठतंय, लोखंडी भांड्यातलं काही देऊ नका, असं मी तुम्हाला वर्षापूर्वी समोर बसवून सांगितलं होतं ना?"