ऑरिनने विकायला काढलेली रायफल

व्हर्नाने रायफलखालची दांडी पुढे ढकलली आणि मागे ओढली. लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"दुखलं मनगट?" ऑरिनने विचारलं.

"नाही. तेच खटकतंय."

गेल्या हिवाळ्यात तिचं मनगट मोडलं होतं. तिच्या जुन्या रायफलची दांडी आता तिला ओढवत नव्हती. हलकी दांडी मिळाली नाही, तर दर शनिवारी इथल्या काउबॉय-नेमबाजी स्पर्धेत नुसती मोठी टोपी घालून बाकीच्या नेमबाजांना कॉफी वाटायची. आणि अशी रायफल आपण होऊन देत होता ऑरिन मॅडॉक. अकरा वर्षं तिला हरवण्यासाठी धडपडणारा माणूस.

दांडी पुरती मिटेपर्यंत चाप दबू नये म्हणून मागे एक खुंटी असते. वेगासाठी काही शहाणे ती घासून टाकतात, मग काडतूस नेमबाजाच्या तोंडाशीच फुटतं.

"खुंटी घासलीयस."

"तपास की."

तिने खोटी काडतुसं भरली. दांडी अर्धी उघडी ठेवून चाप ओढला. हलला नाही. नळी आरशासारखी होती. एकाही स्क्रूवर ओरखडा नव्हता.

"मग विकतोस का?"

"कंटाळा आला, बये."

"तुला? बायको बाळंत होत होती तेव्हा तू इथे होतास!"

"मुलगी झाली आणि मी पहिला आलो. वाईट काय झालं?"

व्हर्ना हसली नाही. "आधी तू दहा गोळ्या झाड. मी मोजते."

ऑरिनने मैदानाकडे बराच वेळ पाहिलं. मग कानात बोळे घालून दहा गोळ्या झाडल्या, पाच-सहा सेकंदांत. पोलादी पाटी सात वेळा वाजली. तीनदा मागच्या बांधावर धूळ उडाली, डावीकडे.

"सगळ्या लागल्या ना?" बोळे काढत त्याने विचारलं.

नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी वाकवलीय याने, व्हर्नाच्या मनात आलं. तिने रायफल घेतली, पाच काडतुसं भरली आणि त्याच पाटीवर सावकाश झाडली. पाटी पाचही वेळा वाजली.

तिने वळून पाहिलं. ऑरिन पाटीच्या दिशेने बघत होता. पाटीकडे नव्हे, शेजारच्या खांबाकडे.

"तुझ्या सात लागल्या," ती म्हणाली.

एकेका गोळीसाठी तासभर भांडणाऱ्या ऑरिनने नुसती मान डोलावली.

"घेतली मी रायफल." तिने ती खाली ठेवली आणि हात पुढे केला. "गाडीची चावी दे."

"रायफल विकतोय, गाडी नाही."

"बिस्बीतलं तुझं घर इथून नव्वद मैल. आलास कसा?"

"रस्त्याची पांढरी रेघ दिसते अजून."

व्हर्नाने हात मागे घेतला नाही.