फुकटचा किल्ला

किल्ल्याचा दरवाजा सताड उघडा होता आणि तटावर चिटपाखरूही नव्हतं.

ती खांद्यावरची पर्स न उतरवताच कॉम्प्युटरसमोर टेकली. माऊसनं नकाशा वर-खाली सरकवून पाहिला. नवऱ्याची अख्खी फौज, म्हणजे चारशे सांगाडे, दोन राक्षस आणि तो दाढीवाला मांत्रिक, पार उत्तरेच्या दलदलीत जाऊन उभी होती. तिथे ना सोनं होतं, ना शत्रू. तिनं सव्वीस दिवस वेढा घातलेला किल्ला मात्र बाहेर चप्पल काढून आत जावं इतका मोकळा.

ओट्यापाशी नवरा काकडी चिरत होता. आज चकत्या जरा जास्तच बारीक पडत होत्या.

अकरा दिवस दोघांचं बोलणं बंद होतं. कागद कारखान्यातून बदलीच्या पत्रावर सही करून तो घरी आला होता आणि मग त्यानं विचारलं होतं, "तुला काय वाटतं?" वरातीमागून घोडं! आठ तासांच्या अंतरावरचा नवा कारखाना, निदान दोन वर्षं. तिची एक्स-रे विभागातली सतरा वर्षांची नोकरी इथे. त्या दिवसापासून तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. चालू राहिला तो फक्त हा गेम. सकाळी कामावर जाताना त्याची एक खेळी, संध्याकाळी परत आल्यावर तिची एक. या अकरा दिवसांत तिनं त्याच्या तीन खाणी जाळल्या आणि त्यानं तिचा पूल तोडला. पूल तोडला त्या संध्याकाळी ती मनातून खूश झाली होती. साऱ्या जगात ही एकच जागा उरली होती, जिथे हा माणूस खरंखुरं भांडायचा.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

सुरी थांबली. "काय?"

"किल्ला का सोडलास?"

"सव्वीस दिवस झाले ना तुला. म्हटलं, घे एकदाचा. तेवढंच तुला बरं वाटेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला काय बरं वाटेल हेसुद्धा तूच ठरवलंस? न विचारता?"

"अगं, गेमच तर आहे."

"गेमच आहे ना? मग इथे तरी लढ की! साहेबांनी विचारलं, मान डोलावलीस. मी अबोला धरला, त्यालाही मान डोलावलीस. आणि आता हा फुकटचा किल्ला माझ्या पदरात टाकून मोकळा होतोस?"

"भांडण नको म्हणून केलं मी."

"मला भांडण हवंय!"

ती इतक्या मोठ्यांदा ओरडली की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ऐकू दे, तिला वाटलं. ऐकू दे सगळ्यांना.

ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. एक क्लिक, आणि किल्ला तिचा. तिनं तो घेतला नाही. सगळे धनुर्धारी, घोडेस्वार आणि अंड्यातून बाहेर आल्यापासून तीन महिने जपून वाढवलेला हिरवा ड्रॅगन तिनं त्या उघड्या दरवाजासमोरून नेले आणि थेट दलदलीच्या काठावर, त्याच्या फौजेच्या नाकासमोर उभे केले. खेळी संपवली. खुर्ची मागे ढकलून उठली.

"बस."

"माझी खेळी सकाळी असते."

"आत्ता."

तो हात पुसत आला आणि बसला. दलदलीमागे समुद्र होता, किनाऱ्याला त्याची गलबतं लागलेली होती. माऊसचा बाण सरकत सरकत गलबतांवर जाऊन थांबला. ती हाताची घडी घालून त्याच्या मागे उभी होती. पळ, ती मनात म्हणत होती, पळ म्हणजे माझीही एकदाची खात्री होईल.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिला दिसल्या. बाण गलबतांवरून मागे आला. मांत्रिक पुढे सरकला आणि त्यानं एका फटक्यात ड्रॅगन लोळवला. मागोमाग चारशे सांगाडे तिच्या धनुर्धाऱ्यांवर तुटून पडले. तो की-बोर्ड अक्षरशः बडवत होता.

"मला तरी कुठे जायचं होतं?" स्क्रीनवरची नजर न काढता तो ओरडला. "खात्यातल्या आम्हा तिघांतून साहेबांनी मलाच बोलावलं. का? तर हा नाही म्हणत नाही, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे! आणि तू? तू तरी एकदा विचारलंस का, तुला जायचंय का म्हणून? अकरा दिवस मूग गिळून बसलीस!"

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला त्याचा आणखी राग आला.

"मग हे मला काय सांगतोस?" ती म्हणाली. "ज्यांना सांगायचं त्यांना सांग ना!"

"सही झालीय."

"सही तुझी झालीय. माझी नाही. आणि एकदा केलेली सही म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे."

तो खुर्चीवरून उठला. मग त्यानं ओट्यावरचा फोन उचलला, नंबर लावला. घंटी वाजू लागली तशी सवयीनं त्याची नजर तिच्या तोंडाकडे गेली, काय बोलू, असं विचारणारी. तिनं पर्स खांद्यावरून काढून खुंटीला अडकवली आणि पाठ करून उभी राहिली.

"हां, बोल रे," पलीकडून साहेबांचा आवाज आला.

"साहेब," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज अजून चढलेलाच होता.