वाइनची पारख

"सावकाश चाखा, घाई नाही," देवेश म्हणाला आणि त्याने तिसरा पेला अक्षयापुढे सरकवला.

अक्षयाने पेला तिरका धरून पांढऱ्या कागदावर रंग पाहिला. पेला गोल फिरवला. मग नाक आत घालून डोळे मिटले. पहिल्या दोन पेल्यांसारखंच याही पेल्यात काही नव्हतं. हा हुंगला काय आणि पाण्याचा तांब्या हुंगला काय, सारखंच.

तीन महिन्यांपूर्वी तिला ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो काही आला नाही. जिचं पोटच नाकावर चालायचं, तिने हे सांगायचं कोणाला? आईला तेवढं सांगितलं होतं. नाशिकला तीन वर्षं वाइनचं शिक्षण घेतलेली मुलगी कुणकेश्वरजवळच्या या नव्या हॉटेलात पारख करायला बसली होती आणि तिला साधं फिनेल कळत नव्हतं. आज चुकली की काम गेलं. आणि एकदा बभ्रा झाला की या धंद्यात तिला पुन्हा कोणी दारात उभं करणार नव्हतं.

टेबलाच्या टोकाला हॉटेलचे मालक सर्वेश बसले होते. हातरुमाल सारखा नाकातोंडाशी धरत होते. चोराच्या मनात चांदणं, तसं अक्षयाला वाटलं की त्यांची नजर आपल्या नाकावरच आहे.

देवेश मुंबईचा, बाहेरची वाइन आणून विकणारा. आज त्याने फ्रान्समधल्या बोर्दोच्या एका नामांकित द्राक्षमळ्याची दुसरी वाइन आणली होती. हे 'दुसरी' प्रकरण आईला समजावताना सकाळी अक्षयाच्या नाकी नऊ आले होते. तिची आई पार्वती मिठबावात मासे विकायची.

"दुसरी म्हणजे दुसऱ्या धारेची काय गो?" आईने विचारलं होतं.

"नाय गो आये. जुन्या वेलींची द्राक्षां पयल्या वाइनीक जातत, कोवळ्या वेलींची दुसरीक. बाग तीच, हात तेच."

"म्हणजे पेटीत न गेलेलो हापूस. मगे भियातस कित्याक? सर्वेश सायब देवमाणूस. दोन म्हयन्यांआदी आपणहून घराक इलो नि नोकरी दिल्यान. असो खंय गावता?"

तेच तर अक्षयाला खात होतं. परक्याला फसवणं वेगळं आणि देवमाणसाला फसवणं वेगळं.

खोलीची मोठी खिडकी समुद्राकडे सताड उघडी होती. खाली वाळूवर बायका मीठ लावलेले बांगडे सुकत घालत होत्या. वारा थेट आत येत होता. अक्षयाला दरदरून घाम फुटला होता, त्यामुळे तिला तो वारा बरा वाटला.

"बाटल्या तासाभरापूर्वीच उघडून ठेवल्यात," देवेश म्हणाला. "हवा लागली की खुलते."

बूच आपल्या डोळ्यांसमोर निघालं पाहिजे, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. पण बूच मागितलं तर हुंगावं लागणार, आणि हुंगून वर काहीतरी बोलावं लागणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती गप्प राहिली.

तिने घोट घेतला. जीभ तेवढी शाबूत होती. आंबट कळलं, तुरट कळलं, जांभूळ खाल्ल्यावर ओढते तशी जीभ ओढली. पुढचं ती घोकून आली होती.

"काळ्या बेरीचा वास," ती म्हणाली. "मागाहून देवदाराचं लाकूड. आणि थोडी ओली माती."

तिने पेला खाली ठेवला. देवेशने सर्वेशकडे पाहिलं. संपलं, अक्षयाच्या मनात आलं. आता विचारणार, कसली माती नि कसलं लाकूड.

"बरोबर," देवेश म्हणाला. "अगदी बरोबर."

"घ्यायची?" सर्वेशनी तिला विचारलं.

"घ्या सर. पहिलीच्या तोडीची आहे." हेही घोकलेलंच.

सर्वेशनी एक छापील कागद पुढे केला. सर्व पेट्यांतली वाइन स्वतः चाखून ती अस्सल असल्याची खात्री केली आहे, असं त्यावर होतं आणि खाली अक्षयाचं नाव. चाखल्या होत्या तीनच बाटल्या. पण तिला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. तिने सही केली, आणि देवेश पेट्या उतरवून घ्यायला खाली गेला.

वाचले एकदाची. संध्याकाळी कुणकेश्वराला नारळ द्यायचा, असं तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं.

सर्वेश उठले. त्यांनी खिडकी घट्ट लावली, तोंडावरचा रुमाल काढला आणि मोठा श्वास घेतला.

"तासभर जीव गुदमरला नुसता."

"कशाने सर?"

"खाली खारवलेले बांगडे सुकतायत. या वासात वाइन कोण चाखेल? दुसऱ्या कोणीही आधी खिडकी लावायला सांगितलं असतं."

अक्षया खुर्चीतून उठली.

"सर, मी सांगणार होते. मी तुम्हाला फसवलं. आजच काम सोडते."

सर्वेशनी सहीचा कागद घडी करून खिशात ठेवला. गेले दोन महिने ते तिच्याशी पुस्तकी मराठीत बोलत आले होते. आता पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलले, अगदी मायेने.

"काम कित्याक सोडतस? नाक आसलेल्या माणसान ह्या बाटलेत काय भरलला आसा ता पयल्याच पेल्याक वळाखल्यान असता. माज्या चेडवाक वास येणा नाय, असा तुज्या आवशीन माका बाजारात सांगल्यान, त्याच दिसा मी तुमच्या घराक इलंय."