इंजेक्शन नव्हतं

"...आणि दवाखान्यात सापाचं इंजेक्शन नव्हतं!" कमलेश थांबला. शिळफाट्याच्या चौकातल्या भजीवाल्यानंही झारा थांबवला. "आपल्या कडावची पोर, रिया. तिसरीत होती. तिच्या आईला मी काय उत्तर देऊ?"

मग टाळ्या पडल्या. रस्ते, पाणी, नोकऱ्या यांवर लोक जांभया द्यायचे. आरोग्याचा विषय निघाला, रियाचं नाव आलं, की सभा त्याच्या मुठीत यायची. निवडणूक तोंडावर आली होती.

आजही पहिल्या रांगेत रियाची आई दिसली. सुनिता. ती टाळ्या वाजवत नव्हती, डोळे पुसत नव्हती. नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होती. साजगावच्या सभेलाही ती अशीच पुढे बसली होती; तिथंच कुणीतरी त्याला ती रियाची आई म्हणून दाखवली होती. त्याच्या आधीच्या सभेलाही.

उरलेलं भाषण त्यानं कसंबसं संपवलं.

घरी जेवताना तो म्हणाला, "ती मला शाप द्यायलाच येत असणार."

"तिला एकदा तरी विचारलंत?" हर्षलानं, त्याच्या बायकोनं, ताटात भाकरी वाढली. "पोर तिची गेली. मतं तुम्हाला."

त्यानं ताट बाजूला सारलं. त्या घरी तो कधी गेलाच नव्हता. रियाची हकिगत एका कार्यकर्त्यानं गाडीत सांगितली होती. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यानं ती भाषणात घातली होती. खरं-खोटं कुणाला विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच कडावला गेला. सुनिता ओटीवर तांदूळ पाखडत होती. त्याला बघून ती सूप घेऊनच उभी राहिली.

"ताई, माफी मागायला आलोय. तुमच्या पोरीच्या नावावर मी टाळ्या घेतल्या. आजपासून तिचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

"नको, दादा."

"मी शब्द देतो..."

"नको म्हनते ना!" तिनं आत बसलेल्या सासूकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बोलायचं बंद करू नका. त्याच्यासाठीच तर येते मी. हातातलं काम टाकून, मिळंल त्या टेंपोत बसून."

कमलेशला काही कळेना. "पण ते ऐकून तुम्हाला त्रास होत नाही?"

सुनिता खाली बसली. सुपातल्या तांदळावरून हात फिरवत राहिली.

"इंजेक्शन व्हतं, दादा. कपाटात व्हतं. आमीच सकाळी गेलो. पोर रातीच उठलेली. म्हनली, आये, कायतरी चावलं. मी म्हनलं, उंदीर आसंल, नीज गप... तुमी माईकवर सांगता ना, इंजेक्शन नव्हतं म्हनून, तवा तेवढा येळ मलापन खरं वाटतं."