बोर्दलोचा गुडघा

"तू बायकोला मागणी घालायलाही चार वर्षं लावलीस," मर्व्ह म्हणाला. "शुक्रवारी दुपारी तीनला खेळाडूंची अदलाबदल बंद होते, ऑर्विल. त्यानंतर गोलकीपर हवा असेल तर देवाकडे माग."

ऑर्विल पेट्रिशिन नुसता हसला. कार्लव्हेलच्या आइस हॉकी क्लबचा तो अकरा वर्षं जनरल मॅनेजर होता आणि मर्व्ह त्याचा प्रशिक्षक. खाली बर्फावर सराव चालला होता. जाळीसमोर बावीस वर्षांचा कोल्बी उभा होता. पोरगा गुणी होता, पण गेल्या पाच सामन्यांत त्यानं एकवीस गोल खाल्ले होते.

"आयडाबाई काय म्हणतात?" मर्व्हनं विचारलं.

"त्यांना बोर्दलो इथे हवाय. आठ दिवस तेच चाललंय. बोर्दलोला भेट, बोर्दलोशी बोल."

"मग भेट ना. मालकीण आहे ती."

"भेटणार आहे. पण त्याच्या क्लबला बदल्यात आपला टेट हवाय. एकोणीस वर्षांचा बचावपटू देऊन अडतीस वर्षांचा गुडघा घेऊ?"

बोर्दलोचा गुडघा सगळ्या लीगला ठाऊक होता. दोनदा कापलेला. नाव मात्र मोठं. सतरा वर्षं जाळीसमोर काढलेली, दोन करंडक.

नऊ वर्षांपूर्वी ऑर्विलनं असाच एक नामांकित गोलकीपर न बघता घेतला होता. तो चार सामने खेळला आणि कंबर धरून घरी गेला. तेव्हापासून ऑर्विल ताकही फुंकून पीत होता. लोक हसायचे, हसू देत. त्यानंतर त्याचा एकही व्यवहार फसला नव्हता.

बुधवारी दुपारी बोर्दलो आला. आयडाबाईंनीच त्याच्या क्लबशी बोलून त्याला दोन दिवसांची मोकळीक मिळवून दिली होती, विमानाचं तिकीटही पाठवलं होतं. बाहेर उणे अठ्ठावीस. उंच, शांत माणूस, खांद्याला एक लहानशी पिशवी.

"पॅड आणले नाहीत?" ऑर्विलनं विचारलं.

"नाही."

"आमच्याकडचे देतो. अर्धा तास उतरा बर्फावर. मर्व्ह चार फटके मारेल, म्हणजे मलाही दिसेल."

"गुडघ्याचं डॉक्टरांनी लिहून दिलंय ते वाचलंत ना? ते खरं आहे." बोर्दलोनं हातमोजे काढले. "आज मला बर्फावर उतरायचं नाही. भूक लागलीय."

ऑर्विलनं मनातल्या मनात त्या नावावर फुली मारली. गुडघा धड असता तर गडी उतरला असता.

रस्त्यापलीकडच्या खानावळीत दोघांनी पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, मागवल्या. कांदा परतलेला, वर दाट आंबट साय. बोर्दलो सावकाश जेवला आणि विचारत राहिला. सर्वांत लांबच्या सामन्याला बस किती तास घेते? पोरांचे दात पडले की कोण बघतं? टेटला आणखी कोणी मागितलं होतं का? ऑर्विलला प्रश्न आवडले. अकरा वर्षांत त्याला असं खोलात जाऊन कुणी विचारलं नव्हतं. तो बोलत सुटला.

"कोल्बी पाच सामने हरला," बोर्दलो म्हणाला. "तरी त्यालाच का उभा करता?"

"त्याला एकदा बाकावर बसवला की तो चकतीकडे बघायचा थांबेल आणि बाकाकडे बघायला लागेल. आणखी दोन सामने हरू. मग तो पोरगा सहा वर्षं जाळी राखेल."

बोर्दलोनं काटा खाली ठेवला. मग म्हणाला, "शाळेजवळ एखादं घर भाड्यानं मिळेल का? दोन मुली आहेत माझ्या."

ऑर्विलला वाईट वाटलं. हा बिचारा घर शोधण्यापर्यंत पोचला होता. आता लांबवण्यात अर्थ नव्हता.

"बोर्दलो, तुम्ही इतक्या लांबून आलात, म्हणून तोंडावर सांगतो. टेट देऊन मी तुम्हाला घेणार नाही. फुकट मिळालात तरी विचार करीन. तुमच्या खेळाबद्दल मला आदर आहे, पण गुडघ्याबद्दल नाही."

"आयडाबाई रागावतील."

"रागावू देत. संघ माझ्या हातात दिलाय, तो त्यांच्या रागासाठी नाही."

बोर्दलोनं मान हलवली. "मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं," तो म्हणाला, आणि त्यानं बेरीच्या केकचा एक तुकडा मागवला.

शुक्रवारी तीन वाजून गेले. सव्वातीनला ऑर्विल आयडाबाईंच्या धान्य कोठाराच्या कचेरीत शिरला. भांडणाची सगळी तयारी त्यानं गाडीत केली होती. कोल्बीचे आकडे, टेटचे आकडे, डॉक्टरांचा कागद.

आयडाबाईंनी कागदाला हातही लावला नाही.

"नाही घेतलंस ना त्याला?"

"नाही."

"बरोबर केलंस."

ऑर्विल खुर्चीत मागे टेकला. ऐटीतच. "मग आठ दिवस माझ्या मागे का लागला होतात, बाई?"

"त्याला भेट म्हणत होते, बोल म्हणत होते. खेळाडू म्हणून घे, असं एकदा तरी म्हणाले का?" त्यांनी कॉफीचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "हा हंगाम संपला की तो पॅड खुंटीला टांगतोय. काल तासभर तुझ्याबद्दलच बोलत होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, या माणसाला काही झालं तरी जाऊ देऊ नका, मी इथला मॅनेजर झालो की माझा मदतनीस म्हणून मला हाच हवाय."