खांद्यावरचा हात

वरच्या फळीवरून काढलेला चहाचा डबा.

चेंडू रॅकेटला लागायच्या क्षणी मिटलेला डावा डोळा.

एक्स-रेच्या काळ्या फिल्मवरून फिरणारं डॉक्टरांचं बोट. "काही नाही. खांदा ठणठणीत आहे. अभ्यास चुकवायचा असेल पोरीला."

खुंटीवर सुकून कडक झालेली शेकाची पिशवी.

यातला डबा आणि पिशवी कोचबाईंच्या घरची. डोळा आणि खांदा त्यांच्या शिष्येचा, बारकीचा. सकाळच्या कोवळ्या उन्हात कोर्टवर उभ्या राहून कोचबाई या चार गोष्टी एकमेकींना जोडून बघत होत्या, आणि त्या जुळू नयेत असं त्यांना मनापासून वाटत होतं.

रविवारी निवडीचा सामना. बारकी जिंकली तर संघात जागा. हरली तर पुढच्या वर्षी वय आडवं येणार. कोचबाईंच्या हाताखालचं एकही पोर आजवर तिथपर्यंत पोचलं नव्हतं.

"मार," त्या म्हणाल्या.

बारकीनं चेंडू उडवला. अंगाचं धनुष्य झालं, रॅकेट पाठीमागे गेली, आणि ऐन वेळी डावा डोळा मिटला. चेंडू जाळीत.

"डोळा कुणाला मारतेस गं?"

"मी नाही मिटत, मॅडम. आपोआप मिटतो." बारकीनं खांदा चोळला. "आत कुणीतरी दार ओढून घेतंय. आतून."

कुंपणापलीकडून तिची आई म्हणाली, "नाटकं आहेत, मॅडम. सामना जवळ आला की हिला शंभर दुखणी होतात. बापाच्या वळणावर गेलीय."

कोचबाई हसल्या नाहीत. खेळत होत्या तेव्हा, शेवटच्या वर्षी, बारकीचं हेच वाक्य त्या दारासकट त्यांनी एकाच माणसाला सांगितलं होतं: आपल्या सरांना. सरांना जाऊनही बरीच वर्षं झाली. आणि तो डावा डोळा? तीही त्यांचीच सवय. कळ येणार हे माहीत असायचं, म्हणून तो आधीच मिटून घ्यायचा. पण बारकीनं तो बघितला असणं शक्य नव्हतं. खेळ सुटल्यापासून कोचबाईंनी कुणासमोर सर्व्हिस मारलीच नव्हती. हात खांद्याच्या वर जातच नसे. केस म्हणून तर एवढे बारीक कापलेले.

सर्व्हिस त्या दाखवत नसत, हातानं शिकवत. मागे उभं राहायचं, तळवा पोरीच्या उजव्या खांद्यावर ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि सांधा कसा फिरतो ते तळव्यानं ऐकायचं. ही सरांची पद्धत; त्यांचा तळवा असाच कोचबाईंच्या खांद्यावर असायचा. बाकीचे कोच चेष्टा करत, "बाई शिकवतात की आशीर्वाद देतात?" गेलं वर्षभर रोज सकाळी तो तळवा बारकीच्या खांद्यावर होता.

आणि आज चहाचा डबा त्यांनी उजव्या हातानं काढला होता. चहा गाळून झाल्यावर ते लक्षात आलं. रोज रात्री लागणारी शेकाची पिशवीही कित्येक दिवसांत लागली नव्हती.

"आण ती रॅकेट."

बारकी बघतच राहिली. "तुम्ही मारणार?"

"तू बस तिकडे."

हात वर गेला. कुरकुरला नाही, अडला नाही. चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात थेट रेषेवर पडला आणि कुंपणाची तार झणझणली. बारकीच्या आईनं टाळ्या वाजवल्या.

मागून बारीकसा आवाज आला. बारकी बाकावर खांदा धरून बसली होती. डावा डोळा मिटलेला.

योगायोग, कोचबाईंनी स्वतःला सांगितलं. "बारके, तोंड फिरव. भिंतीकडे बघ. आणि कान झाक."

"का?"

"सांगते तेवढं कर."

बारकी भिंतीकडे तोंड करून बसली. डावा हात कानावर गेला. उजवा अर्ध्यातच थांबला, म्हणून तिनं उजवा कान खांद्यात खुपसला. कोचबाईंनी दुसरा चेंडू मारला. तो कुठे पडला हे त्यांनी बघितलं नाही. त्या बारकीची पाठ बघत होत्या. पाठ मिठाचा खडा तव्यावर पडावा तशी ताडकन उडाली.

पुढचं सगळं सोपं होतं. रॅकेट खाली ठेवायची. पोरीला दुसऱ्या कोचकडे पाठवायचं. तिच्या खांद्याला पुन्हा हात लावायचा नाही, आणि रात्री आपल्या घरी जाऊन ते दार परत यायची वाट बघायची.

"अहो मॅडम," बारकीची आई तारेला नाक लावून म्हणत होती, "तुम्ही खेळणं सोडलंतच कशाला? हा हात बघून कुणाला खरं वाटेल?"

बारकीनं मान वळवली. चेहरा पांढरा पडला होता. "अजून मारणार असाल तर मारा, मॅडम. मला सहन होतं."

"कुणी सांगितलं तुला सहन करायला?"

"तुम्हीच. दुखलं तरी समोरच्याला दिसू द्यायचं नाही म्हणालात."

टोपली चेंडूंनी भरलेली होती. कोचबाईंनी एक उचलला. जमिनीवर आपटून बघितला, परत आपटला. हात हलका होता. विशीतला हात होता.

"शेवटचा," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते त्यांनाही कळलं नाही.

चेंडू वर गेला. दोन्ही डोळे उघडे.

सरांनी स्वतःचा खेळ ऐन तारुण्यात खांद्यामुळे सोडला होता. पुढे सत्तरी उलटेपर्यंत ते रोज सकाळी सर्व्हिस मारत.